वळकटी गेली, बॉक्सचा पलंग आला

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक तरुण मुलगा व्हॅक्यूम क्लीनरचं प्रात्यक्षिक दाखवायला आला. नळीच्या तोंडाला त्याने काळं फडकं लावलं, बेडरूममधल्या गादीवरून दोन मिनिटं यंत्र फिरवलं आणि फडकं आमच्या नाकासमोर धरलं. त्यावर पिठीसाखरेसारखा पांढुरका थर होता. "काका, यावर तुम्ही रोज झोपता," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "दहा वर्षांत गादीचं वजन दुप्पट होतं. सगळे किडेच." बायकोने त्याला चहा दिला, यंत्र घेतलं नाही. पण त्या रात्री आम्ही दोघंही उशिरापर्यंत कूस बदलत होतो. गादी साफ झाल्यामुळे झोप उडण्याचा तो आमचा पहिलाच प्रसंग.

वजन दुप्पट होण्याच्या गोष्टीला काडीचा आधार नाही. ती विक्रेत्यांच्या तोंडून तोंडी फिरत आलेली आहे. फडक्यावरचा थर मात्र खरा होता. त्यात कातडीचा कोंडा होता, चादरीचे तंतू होते, खिडकीतून आलेली माती होती, आणि आमच्या घरात त्यातला मोठा वाटा घामोळ्याच्या पावडरीचा असणार. तरी प्रश्न उरतोच. झोपायच्या खोलीतल्या कोणत्या गोष्टी झोप मोडतात, आणि साफसफाईने त्यांतल्या किती जातात? यावर साठ वर्षांत बरंच संशोधन झालंय. आपल्या घरांतली जुनी वहिवाट आणि हे संशोधन शेजारी ठेवून पाहिलं, तर काही गोष्टी उलट्यापालट्या होतात.

आधी त्या किड्यांचं पाहू. डॉक्टर त्यांना डस्ट माइट म्हणतात, मराठीत धड नाव नाही. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, पाय आठ, जातकुळी कोळ्यांची आणि गोचिडांची. ते चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा हे त्यांचं अन्न, आणि तो गादी-उशीइतका घरात दुसरीकडे कुठे मिळत नाही. घरच्या धुळीने शिंका येतात, दमा उसळतो, हे लोकांना पूर्वीपासून माहीत होतं. पण धूळ म्हणजे नेमकं काय, हे मोघम होतं. १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनला वूरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा यांच्या गटाने बोट या किड्यांवर ठेवलं. त्रास खरा किड्याचा नसून त्याच्या विष्ठेचा असतो. तिच्यातली पाचक विकरं नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराला डिवचतात. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याचं नाक आडवं झाल्यावर चोंदतं, तोंडाने श्वास सुरू होतो, घसा कोरडा पडतो, घोरणं वाढतं आणि झोपेचे तुकडे पडतात. धुळीपासून झोपेपर्यंतचा पक्का रस्ता हाच. ज्याला अ‍ॅलर्जी नाही त्याच्या उशीत हे किडे सुखाने नांदले तरी त्याचं फारसं बिघडत नाही. ही अर्धी गोष्ट प्रात्यक्षिकवाला सांगत नाही.

या किड्याचं एक मर्म आहे. तो पाणी पीत नाही, हवेतली वाफ अंगाने शोषतो. हवेची आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. स्वित्झर्लंडमधलं दावोस आज बड्या लोकांच्या आर्थिक परिषदेमुळे ओळखीचं आहे, पण दीड हजार मीटरांवरच्या तिथल्या कोरड्या हवेत हे किडे जवळपास टिकत नाहीत, म्हणून ओल्या, सखल नेदरलँड्समधले दमेकरी तिथे उपचाराला जात.

मग गादीला खोळ चढवा, औषध फवारा, यंत्र फिरवा की दमा आटोक्यात, असं कुणालाही वाटेल. इथेच गाडं अडतं. डेन्मार्कमधल्या गॉत्शे आणि योहान्सन यांनी अशा उपायांच्या ५४ चाचण्या एकत्र करून २००८ साली जो आढावा घेतला, त्याचा निष्कर्ष सरळ होता: या उपायांनी दमेकऱ्यांना फरक पडल्याचं दिसत नाही. बऱ्याच चाचण्यांत किड्यांचा अंश पुरेसा खाली आलाच नव्हता. त्यानंतर २०१७ मध्ये मँचेस्टरच्या गटाने फक्त किड्यांची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेली २८४ दमेकरी मुलं घेतली आणि निम्म्यांच्या गाद्या-उशांना घट्ट विणीच्या खास खोळी घातल्या. वर्षभरात झटका येऊन इस्पितळात न्यावं लागलेल्यांचं प्रमाण खोळवाल्यांत २९ टक्क्यांच्या आसपास, साध्या खोळवाल्यांत सुमारे ४२ टक्के. म्हणजे अ‍ॅलर्जी कुणाला आहे हे पाहून नेमकं काम केलं तर उपयोग होतो, सरसकट फवारून नाही. मला यातून एवढं कळतं की वरवर झटकण्यात अर्थ नाही, आणि किड्याचं मर्म आर्द्रतेत आहे तर लढाईही तिथेच द्यायला हवी.

आता आपल्याकडे पाहा. जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण, गोवा इथे हवा ८० टक्क्यांच्या वर भिजलेली असते. कपाटात शर्टाला बुरशी धरते, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट पूड येते, उशीला कुबट वास येतो. देशावर त्यामानाने बरं. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी की हे किडे तिथे उपाशी न मरता तहानेने मरावेत, पण नेमका त्याच महिन्यात नागपूरकर खिडकीला डेझर्ट कूलर लावतो आणि रात्रभर ओली हवा खोलीत सोडतो. त्यावाचून तिथे झोपही लागणार नाही, हेही खरंच. फक्त कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करून घासायला हवी, वाळ्याच्या किंवा भुश्श्याच्या ताट्या दर मोसमाला बदलायला हव्यात आणि समोरची खिडकी उघडी ठेवायला हवी, म्हणजे ओल बाहेर पडते. वर्षानुवर्षं एकच ताटी वापरणाऱ्या घरात शिरलं की तो वास दारातच ओळखता येतो.

या हवामानात आपल्या आधीच्या पिढ्यांनी अंथरुणाची जी व्यवस्था लावली होती ती मला आता फार हुशारीची वाटते, जरी त्यांना किड्यांचा पत्ता नव्हता. अंथरूण रोज सकाळी उचललं जाई. सतरंजी, वर गोधडी किंवा पातळ गादी, उशी आत घालून वळकटी, आणि वळकटी कोपऱ्यात. खोली लगेच झाडून निघे. जिथे रात्री माणूस झोपला तिथल्या लादीवर सकाळी केरसुणी फिरलेली असे, हे आज कुठल्या बेडरूममध्ये घडतं? गोधडी जुन्या लुगड्यांची, थरावर थर, धावदोऱ्याने शिवलेली. भिजवली की जड होते पण धुता येते. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुवायची रीत आहे. पाऊस ओसरलेला, पुढे ऑक्टोबरचं कडक ऊन. किड्यांची संख्या पावसाळ्याअखेर वाढलेली असताना नेमकी ही धुणी होतात. मुहूर्त देवीचा, वेळ बरोबर.

कापसाच्या गादीची तीच गत. दोन-तीन वर्षांनी पिंजारी दारात येई. गादी उसवायची, कापूस अंगणात काढायचा, आणि धनुकलीची तात टणटण वाजवत त्याने तो ढीग पिंजायचा. गुठळ्या फुटत, धूळ उडून जाई, ऊन आतपर्यंत लागे. उश्यांना सावरीचा कापूस. हे झाल्यावर गादी पुन्हा शिवून तीच खोळ, धुतलेली. दहा वर्षांची गादी आतून दोन वर्षांची असे. हल्ली शहरात धनुकली ऐकू येत नाही, टेम्पोवर यंत्र घेऊन फिरणारे अधूनमधून दिसतात.

या सगळ्याचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरू नयेत. ही धुणी घरातल्या बायकांच्या कंबरेवर उभी होती. भिजलेली गोधडी पिळायला दोघी लागतात, हे मी लहानपणी नदीच्या कडेला पाहिलंय; पुरुष फार तर बैलगाडी हाकत. दुसरं, ढेकूण. चाळींतून रविवारी लोखंडी खाटा खाली चौकात आणून, सांध्यांत किटलीने उकळतं पाणी ओतून, खाट जमिनीवर आपटून ढेकूण पाडले जात. तरी ते जात नसत. पन्नास अंशांच्या पुढच्या उष्णतेला ढेकूण टिकत नाही, म्हणून उकळत्या पाण्याचा उपाय बरोबरच होता, पण तो भिंतीच्या फटीत पोचत नसे. डीडीटीने काही वर्षं सुटका केली, मग ढेकूण त्यालाही पचवून बसले. आज ते परत येतायत, तेही बहुधा प्रवासाच्या बॅगेतून. आणि प्रवासाची बॅग आपण ठेवतो कुठे? पलंगाच्या पोटात.

तर पलंगाकडे येऊ. फ्लॅट लहान, सामान मोठं, म्हणून प्लायवूडचा बॉक्सचा पलंग आला. वर सहा-आठ इंचांची फोमची किंवा काथ्या-फोमची गादी, तीन बाजूंनी भिंत, पोटात पाहुण्यांची अंथरुणं, जुने पडदे, स्टीलचे डबे, लग्नातले न वापरलेले सेट. हा पलंग हलत नाही. गादी उचलायला दोघं लागतात, जिन्यातून वर गच्चीवर न्यायला चौघं, आणि लिफ्टमध्ये ती मावत नाही. फोम पिंजता येत नाही, धुता येत नाही. म्हणजे जी वस्तू घरातली सगळ्यात जास्त घाम पिते, तीच आपण घरातली सगळ्यात न हलणारी वस्तू करून ठेवली. माझ्या मते बेडरूम साफ करण्याचा प्रश्न इथे अडलाय, झाडू कोणता आणि द्रावण कोणतं यात नाही.

यंदा पितृपक्षाच्या शेवटच्या रविवारी मी आणि बायकोने आमची खोली रिकामी करायला घेतली. सुरुवात पंख्यापासून, कारण खालून वर गेलं तर केलेलं पुन्हा करावं लागतं. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा पिशवीसारखा चढवायचा, दोन्ही हातांनी वरून-खालून दाबून बाहेर ओढायचा. सगळी काळी लोकर अभ्र्यात, गादीवर एक कण नाही. मग कपाटाचा माथा, जळमटं, पडदे. पडद्यांचे आकडे काढायचा कंटाळा आला की पडदे वर्ष-वर्ष धुतले जात नाहीत. आमचे चौदा महिने धुतले नव्हते. हे सगळं होईपर्यंत मुलाला, त्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे, बाहेर काढलं होतं. किड्यांच्या विष्ठेचे कण जड असतात. झाडताना उडतात पण अर्ध्या तासात खाली बसतात. याच कारणाने हवा शुद्ध करणारं यंत्र या अ‍ॅलर्जीवर फारसं चालत नाही. दिवाळीच्या धुरासाठी ते ठीक, पण किड्यांचा माल हवेत नसतो, तो उशीत असतो आणि आपण नाक त्यात खुपसून झोपतो.

मग पलंगाचं पोट. फळी उचलल्यावर जो वास आला तो पावसाळ्याचा होता. तळाशी, बाथरूमच्या सामायिक भिंतीलगत, प्लायवूड काळं पडलेलं, एका रगाच्या घडीवर करडे ठिपके. पंधरा डांबराच्या गोळ्या पडून होत्या, त्यांनी ओलीचं काही वाकडं केलं नव्हतं. त्या गोळ्यांबद्दल एक इशारा द्यायलाच हवा: नॅफ्थलीनमध्ये ठेवलेली जुनी दुपटी-झबली नवजात बाळाला तशीच गुंडाळू नयेत. ज्या बाळांत जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ चढते. आजी वेखंडाची पूड ठेवायची, ते बरं.

भिंतीची ओल हा सफाईचा विषयच नाही. बुरशी पुसून रंग मारला की पुढच्या श्रावणात ती त्याच नकाशात परत येते. पाणी कुठून मुरतंय हे शोधायला प्लंबर लागतो. तोवर एवढं करता येतं की कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवायचे, म्हणजे मागून वारा फिरतो. आम्ही पलंग एका बाजूने मोकळा केला आणि पोटातलं निम्मं सामान काढून टाकलं. सहा प्लेटींचा सेट कुणाला हवा असेल तर अजून आहे.

चादरी-अभ्र्यांचं सोपं आहे. किडे मरायला पाणी ५५-६० अंशांचं लागतं. विष्ठा मात्र साध्या पाण्यातही धुऊन जाते. वरून कपडे टाकायच्या बऱ्याच यंत्रांना हीटर नसतो, तेव्हा गीझरचं कढत पाणी टबात घेऊन अर्धा तास भिजवावं आणि मग यंत्रात टाकावं. आठवड्याला एकदा, अ‍ॅलर्जी असेल तर न चुकता. आणि सकाळी उठल्या उठल्या पलंगपोस ओढून अंथरूण झाकण्याची जी शिस्त आपल्याला लावली गेली ती तासभर लांबवावी. रात्रभराची वाफ आधी उडू द्यावी.

गादी उन्हात टाकायचं मोल जुन्या लोकांना पटवावं लागत नाही, पण त्याचाही पुरावा आहे. सिडनीच्या टोवी आणि वूलकॉक यांनी १९९४ साली छापलेल्या अभ्यासात गालिचे भर उन्हात पसरले, आणि त्यातले किडे झाडून मेले. ऊन उष्णताही देतं आणि कोरडंही करतं. मात्र मेलेले किडे आणि त्यांची विष्ठा गादीतच राहते, म्हणून उन्हानंतर काठीने बडवणं, ब्रश किंवा व्हॅक्यूम हवंच. फोमची गादी दिवसभर तापत्या गच्चीवर ठेवू नये, ती ठिसूळ होते; गच्चीच नसेल तर खिडकीतल्या उन्हात उभी टेकवून दोन तास, आणि खाली पंखा.

धुळीनंतर हवेकडे वळायला हवं, कारण तिची गोष्ट जास्त लोकांना लागू आहे. डेन्मार्कमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एक प्रयोग झाला, २०१६ साली छापून आला. बंद खोलीत रात्री कार्बन डायऑक्साइड दशलक्षात अडीच हजार भागांच्या जवळ जाई. बारीक पंखा लावून बाहेरची हवा आत घेतली की तो हजाराच्या आत राही. हवा खेळती असलेल्या रात्रींनंतर मुलांना ताजंतवानं वाटलं आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचण्यांत ती सरस ठरली. आपल्याकडे किती घरांत ठाऊक असतं की भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो? दार-खिडक्या घट्ट लावून तिघंजण झोपले की सकाळी डोकं जड होतं, त्याचं खापर मात्र एसीच्या गारव्यावर फुटतं. दार बोटभर उघडं ठेवणं बिलाला थोडं महाग आणि झोपेला स्वस्त आहे. एसीची जाळी मात्र दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवावी.

मच्छर अगरबत्तीबद्दल मी थोडा कडक आहे. २००३ सालच्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या, तेव्हा एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. गादी उन्हात घालून, चादर कढत पाण्यात धुऊन रात्री पलंगाखाली कॉइल पेटवणाऱ्याने सकाळपासूनचे कष्ट फुकट घालवले. मच्छरदाणी लावावी. तीही धुवावी लागते, तिच्या छतावर धूळ बसते.

राहता राहिली पसाऱ्याची बाब. पसारा आवरला की झोप सुधारते, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या पाहणीत बहुसंख्य लोकांनी सुवासिक, धुतलेल्या चादरीवर झोप अधिक सुखाची वाटते असं सांगितलं; पण ते लोकांचं म्हणणं होतं, झोप कुणी मोजली नव्हती. वाटण्यालाही किंमत आहे, मी ती नाकारत नाही. पुरावा मात्र दुसऱ्या गोष्टीला जास्त आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली निद्रानाशावर एक पथ्य सांगितलं, ते आजही उपचारांत आहे: पलंग फक्त झोपेसाठी. झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे जावं, पलंगावर हिशेब, टीव्ही, फोन नको. दोन खोल्यांच्या घरात हे कसं पाळायचं? आमच्या पलंगावर मुलगा अभ्यास करतो, मी लॅपटॉप घेऊन बसतो, सुकलेल्या कपड्यांच्या घड्याही तिथेच होतात. वळकटीच्या घरात हा पेच नव्हता. अंथरूण घातलं की रात्र, काढलं की दिवस.

आम्ही एवढंच केलं की त्या रविवारी पलंगाशेजारी एक घडीचं टेबल आणलं, आणि फोनचा चार्जर बाहेरच्या खोलीत गेला. मुलाचं नाक अजून चोंदतं, पण पहाटेच्या शिंका कमी झाल्यात. त्यात पडदे किती, ऊन किती आणि संपलेला पावसाळा किती, हे सांगणं अवघड.

फोमची गादी या वर्षी काढायची ठरली. दुकानात गेलो तर विक्रेत्याने आधी विचारलं, आठ इंची की दहा? मी खिशातून चिठ्ठी काढली. त्यावर आमच्या जिन्याच्या वळणाची रुंदी लिहिली होती. शेवटी दोन सुट्या, तीन-तीन इंची कापसाच्या गाद्या शिवायला टाकल्या, एकेकट्या माणसाला खांद्यावरून गच्चीत नेता येतील अशा. "साहेब, या दर दोन वर्षांनी पिंजाव्या लागतील," तो जरा नाराजीने म्हणाला.

"पिंजणारा आहे का कुणी ओळखीचा?" मी विचारलं. त्याने मागच्या गल्लीतला पत्ता दिला.